तुटलेला न्यूट्रल, जुने किटकॅट आणि नवी डीबी: औसा तालुक्यातील एका घराचे प्रकरण

औसा तालुक्यातील एका पुनर्वसित गावात राहणाऱ्या निवृत्त शिक्षकांच्या घरी मे महिन्याच्या अखेरीस वळवाच्या पहिल्याच वादळात टीव्ही, वायफायचा राउटर, फ्रिजचा स्टॅबिलायझर, इन्व्हर्टरचे चार्जिंग कार्ड आणि सात एलईडी बल्ब एका संध्याकाळी निकामी झाले. आभाळ गडगडत होते, गावाच्या पूर्वेला शिवारात वीज पडल्याचेही लोक सांगत होते. त्यामुळे घरच्यांनी या नुकसानीचा दोष विजेला दिला. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाने दोन दिवसांत ऑनलाइन एक सर्ज प्रोटेक्टर (एसपीडी), म्हणजे तारेतून येणारी दाबाची (व्होल्टेजची) क्षणिक उसळी अडवणारे उपकरण, मागवला आणि तो बसवून देण्यासाठी मला लातूरहून बोलावून घेतले. काम अर्ध्या तासाचे समजले गेले होते. प्रत्यक्षात ते पाच दिवस चालले आणि मागवलेले उपकरण परत पाठवावे लागले.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर वसवलेल्या या गावातील घरांना वीजजोडणी मिळाली तेव्हा घरात दोन ट्यूब, दोन पंखे आणि एक रेडिओ एवढाच भार होता. आज त्याच घराला मागे दोन खोल्या, वर जिना आणि गच्चीवर पाण्याची टाकी आहे. आत दीड टनाचा एसी, गिझर, वॉशिंग मशीन, पाणी शुद्ध करणारे यंत्र आणि परसातल्या बोअरची एक अश्वशक्तीची मोटर आहे. वायरिंगची मूळ मांडणी मात्र जशीच्या तशी राहिली होती. ओसरीवर लाकडी पाटावर लोखंडी मेन स्विच, त्याखाली चिनी मातीचे किटकॅट, म्हणजे फ्यूजची तार बसवण्याच्या खोबणी, आणि एसीसाठी मीटरच्या बाहेरच्या टोकातून थेट काढलेली वायर एका सुट्या एमसीबीला (प्रवाह जास्त झाला की आपोआप बंद पडणाऱ्या ब्रेकरला) जोडून खिळ्यावर लटकावलेली, असे एकंदर चित्र होते.

मेन स्विच उघडल्यावर दोन गोष्टी दिसल्या. पहिली अशी की फेज (प्रवाह आणणारी तार) आणि न्यूट्रल (तो परत नेणारी तार) या दोन्हींत फ्यूज होते. ही पद्धत त्या काळी सर्रास होती आणि धोकादायक होती, कारण न्यूट्रलचा फ्यूज आधी वितळला तर दिवे बंद होतात, घरातली माणसे ‘लाईट गेली’ असे समजतात आणि प्रत्येक पॉइंटवर फेज मात्र जिवंत राहतो. दुसरी गोष्ट अशी की फेजच्या किटकॅटमध्ये फ्यूजच्या तारेऐवजी साध्या वायरीतले तांब्याचे पाच-सहा तंतू पिळून बसवलेले होते. एसी लावल्यानंतर फ्यूज वारंवार जाऊ लागला म्हणून कोणीतरी हा उपाय केला होता. त्या किटकॅटचे पितळी ओठ निळसर पडले होते आणि त्यामागचा लाकडी पाट रुपयाच्या नाण्याएवढा करपला होता.

जळालेल्या वस्तू मी एका चादरीवर मांडून पाहिल्या. टीव्हीमागचा स्पाइक गार्ड उघडला तेव्हा आतील व्हॅरिस्टरची (दाब वाढला की प्रवाह दुसरीकडे वळवणाऱ्या घटकाची) चकती दुभंगलेली आणि तिच्या भोवतीचे प्लास्टिक वितळून ओघळलेले दिसले. राउटरच्या अॅडॅप्टरमधील इनपुटच्या कपॅसिटरचे (वीज साठवणाऱ्या घटकाचे) डोके फुगून फुटले होते. आकाशातल्या विजेमुळे तारेवर येणारा सर्ज काही मायक्रोसेकंद टिकतो. तो घटक फोडतो, ठिणगी पाडतो, छापील पट्टीवरचा तांब्याचा मार्ग उडवतो, पण प्लास्टिक ओघळेपर्यंत तापवायला त्याला सहसा सवड नसते. येथे काहीतरी बराच वेळ तापत राहिले होते. कपॅसिटरचा हिशेबही तेच सांगत होता. २३० व्होल्टचे शिखरमूल्य सुमारे ३२५ व्होल्ट असते आणि अॅडॅप्टरातले कपॅसिटर साधारण ४०० ते ४५० व्होल्टचे असतात. पुरवठा ३५० व्होल्टपर्यंत चढला तर शिखर ४९५ च्या घरात जाते आणि कपॅसिटर मिनिटभरात तोंड उघडतो.

मग मी गुरुजींना एकच प्रश्न विचारला की त्या संध्याकाळी दिवे विझण्याआधी काय झाले होते. उत्तर त्यांच्या सूनबाईंनी दिले: “बल्ब एकदम पांढरे फटक झाले आणि पंखा गरगरा फिरायला लागला. समोरच्या आळीत मात्र दिवे मिणमिणत होते, त्यांचा फ्रिज नुसता घुमत होता.” निदानाला एवढे वाक्य पुरेसे होते. गावातल्या डीपीवरून तीन फेज आणि एक न्यूट्रल अशा चार तारा निघतात आणि घरे तिन्ही फेजवर वाटलेली असतात. न्यूट्रल शाबूत असेपर्यंत प्रत्येक घराला २३० व्होल्ट मिळतात. तो खांबावर सुटला की वेगवेगळ्या फेजवरची घरे एकमेकांशी एकसरीत (एकामागे एक) जोडली जातात आणि दोन फेजमधले ४०० व्होल्ट त्यांच्यात वाटले जातात. वाटणी मात्र न्यायाची नसते: जिकडे भार जास्त तिकडे दाब कमी, आणि जिकडे दोन दिवे व एक टीव्ही चालू तिकडे दाब तीनशेच्या पुढे. दुसऱ्या दिवशी लाईनमनने खांबावरचा सैल झालेला न्यूट्रलचा जम्पर (जोडतार) आवळला, असे शेजाऱ्यांनी नंतर सांगितले.

याचा अर्थ मुलाने मागवलेल्या सर्ज प्रोटेक्टरने या अपघातात घर वाचवले नसते. उलट तो स्वतः तापला असता. एसपीडीमधील व्हॅरिस्टर क्षणिक उसळी जमिनीत किंवा न्यूट्रलकडे वळवण्यासाठी असतो; दहा मिनिटे चाललेला ३५० व्होल्टचा दाब त्याच्या आवाक्यातला नव्हे. त्या दाबासाठी डीबीमध्ये (घराचे सगळे ब्रेकर ज्या पेटीत बसतात तिच्यात) ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर लागतो, जो व्होल्टेज मोजत राहतो आणि ठरवलेली मर्यादा ओलांडली की एका सेकंदाच्या आत घराचा पुरवठा तोडतो. एक सेकंद हा अवधी सर्जच्या मानाने अनंतकाळ असल्यामुळे या प्रोटेक्टरकडून सर्ज अडवण्याची अपेक्षाही ठेवता येत नाही. गुरुजींना हे पटवताना मी पाऊस आणि पूर असा दाखला दिला, ते म्हणाले, “म्हणजे छत्रीने पूर अडत नाही.” मला त्यात भर घालण्यासारखे काही राहिले नाही.

तरी सर्जचा प्रश्न खोटा होता असेही नाही. आदल्या वर्षी परतीच्या पावसात याच घरातील सेट टॉप बॉक्स गेला होता आणि तो अजून माळ्यावर होता. तो उघडून पाहिला असता पुरवठ्याची वीज आत येण्याची बाजू धडधाकट होती आणि डिशची केबल जिथे लागते तिथली पट्टी उडालेली होती. तो सर्ज गच्चीवरच्या डिशमधून उतरला होता. मराठवाड्यात मे-जूनमधला वळीव आणि ऑक्टोबरमधला परतीचा पाऊस या दोन हंगामांत विजांचा कडकडाट अधिक असतो, आणि उघड्या माळरानावरून आलेल्या लांब ओव्हरहेड तारा त्याचे धक्के घरापर्यंत पोचवतात. त्यामुळे दोन्ही संरक्षणे हवीत, हे ठरले.

आता अर्थिंग. गुरुजी म्हणाले, “अर्थिंग आहे ना, नळाला बांधलेलं आहे.” खरोखरच एक जाड जीआय तार न्हाणीतल्या नळाला गुंडाळलेली होती. मात्र आठ वर्षांपूर्वी नळाची लोखंडी पाइपलाइन काढून पीव्हीसीची टाकली गेली होती, म्हणजे घराचे अर्थिंग प्लास्टिकच्या नळीत संपत होते. परसात जुना एक खड्डा होता, त्यात मीठ आणि कोळसा घालून पुरलेला पाइप होता. त्यावर अर्थ टेस्टर लावून तीन बिंदूंच्या पद्धतीने मोजले तेव्हा ३८ ओहम आले. काळी माती ओली असताना अर्थिंगसाठी उत्तम असते, पण मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, ती पाइपपासून सुटून मागे सरते आणि पाइप जणू हवेत उभा राहतो. मोजमाप उन्हाळ्यातच घ्यावे, असा माझा आग्रह त्यामुळेच असतो. ऑगस्टमध्ये काढलेला आकडा आपल्याकडे कोणालाही खूश करतो.

या ३८ ओहमचा अर्थ समजून घेणे अगत्याचे आहे. २३० भागिले ३८ म्हणजे सहा अँपिअर. गिझरच्या बॉडीला फेज लागला तर जमिनीत जास्तीत जास्त सहा अँपिअर जातील, आणि सोळा किंवा वीस अँपिअरचा एमसीबी सहा अँपिअरला जन्मात पडणार नाही; गिझर, नळ, बादली सगळे जिवंत राहील. अर्थिंग सुधारून सात ओहमवर आणले तरी प्रवाह तेहतीस अँपिअरच होतो, आणि सोळा अँपिअरच्या सी प्रकारच्या एमसीबीला तत्काळ पडण्याची खात्री हवी तर १६० अँपिअर लागतात. जिथे प्रत्येक घराचे अर्थिंग त्याच्या स्वतःच्या खड्ड्यावर अवलंबून असते तिथे शॉकपासून खरे रक्षण आरसीसीबीच, म्हणजे जमिनीकडे प्रवाह गळताच पुरवठा तोडणारा स्विच, करतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांत घरगुती जोडणीसाठी गळतीची मर्यादा ३० मिलिअँपिअर ठेवलेली आहे ती यासाठीच. या घरात आरसीसीबी एकही नव्हता.

मुलाने मागवलेले उपकरण परत पाठवण्याचे कारणही याच आकड्यात आहे. त्यात दोन व्हॅरिस्टर होते, एक फेज ते अर्थ आणि दुसरा न्यूट्रल ते अर्थ. व्हॅरिस्टर म्हातारा होऊन शॉर्ट झाला की फेज सरळ अर्थच्या तारेवर येतो. अर्थिंग ३८ ओहमचे असेल तर सहा अँपिअर वाहत राहतात, मागचा ब्रेकर पडत नाही, आणि अर्थची तार ज्या ज्या वस्तूच्या बॉडीला लागली आहे ती प्रत्येक वस्तू शॉक देऊ लागते. अशा पुरवठ्यासाठी व्हॅरिस्टर फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये आणि वायूने भरलेली स्पार्क नळी न्यूट्रल व अर्थ यांच्यामध्ये, अशी रचना हवी. मग व्हॅरिस्टर शॉर्ट झाला तर ते साधे फेज-न्यूट्रल शॉर्ट सर्किट ठरते आणि ब्रेकर पडतो. पेटीवर छापलेले ‘४० किलोअँपिअर’ पाहून खरेदी करणाऱ्याला ही आतली मांडणी दिसत नाही. मुलाचे म्हणणे होते की टाइप १ (विजेच्या थेट प्रवाहासाठी) आणि टाइप २ (तारेवरून येणाऱ्या सर्जसाठी) असे एकत्रित उपकरण घ्यावे. घरावर वीजरोधक सळई नाही, त्यामुळे विजेच्या थेट प्रवाहाचा वाटा डीबीत येण्याचा संभव कमी आहे; फरकाचे पैसे अर्थिंगमध्ये घालावेत, असे मी सुचवले आणि टाइप २ वर एकमत झाले.

अर्थिंगचे काम पहिल्या दिवशी घेतले. तांब्याचा थर दिलेल्या तीन मीटरच्या दोन सळया आणल्या होत्या. पहिली न्हाणीच्या सांडपाण्याच्या कडेला, जिथे बारमाही ओल असते, तिथे सरळ खाली गेली. दुसरी पाच फूट खोलीवर मुरुमाला अडली. ती उपटून सहा मीटर अंतरावर कढीपत्त्याच्या झाडाजवळ नव्याने ठोकली. दोन सळयांमध्ये किमान एका सळईच्या लांबीएवढे अंतर राखावे लागते, नाहीतर दोघी मातीचा एकच पट्टा वापरतात आणि दुसरीचे पैसे वाया जातात. दोन्हींभोवती बेंटोनाइटचे (ओल धरून ठेवणाऱ्या मातीचे) मिश्रण भरले, जुना पाइपही त्यांनाच जोडून घेतला, आणि संध्याकाळी मोजले तर सव्वासात ओहम आले.

वायरिंगची तपासणी ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरने) केली. दिव्यांची जुनी अॅल्युमिनियमची वायर ठीक निघाली. ती ठेवली, पण तिच्यावर सहा अँपिअरपेक्षा मोठा एमसीबी लावला नाही. स्वयंपाकघराच्या सर्किटचे इन्सुलेशन जेमतेम ०.२ मेगाओहम भरले, जिथे किमान एक मेगाओहम हवे. मोरीच्या भिंतीतली ओल पाइपात उतरली होती. ते सर्किट, गिझर आणि एसी यांच्यासाठी तांब्याच्या नव्या वायरी ओढल्या: सॉकेटना अडीच चौरस मिलिमीटर, गिझर व एसीला चार. मंजूर भार वाढवून घेण्याचा अर्जही याच वेळी दिला.

नव्या पत्र्याच्या डीबीत क्रम असा ठेवला: प्रथम ४० अँपिअरचा दोन पोलांचा आयसोलेटर, ज्याने फेज आणि न्यूट्रल एकदम सुटतात, त्याच्या लगत एसपीडी, स्वतःच्या बॅकअप ब्रेकरसह, मग ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर, त्यानंतर वेगवेगळ्या गटांचे आरसीसीबी आणि शेवटी एमसीबी. एसपीडी व्होल्टेज प्रोटेक्टरच्या आधी असल्याने न्यूट्रल सुटल्यावरचा चढा दाब त्याला सोसावा लागतो, ही या क्रमाची उणीव आहे. तो नंतर लावला असता तर प्रोटेक्टरचे इलेक्ट्रॉनिक्स सर्जपुढे उघडे पडले असते. मी पहिला पर्याय निवडला, एसपीडी ३२० व्होल्टचा घेतला, आणि तापल्यावर आतून आपोआप सुटणारा व खिडकीत हिरव्याचा लाल होणारा पाहूनच घेतला.

एसपीडीच्या वायरींबाबत माझा मदतनीस आणि मी यांच्यात थोडा वाद झाला. त्याने सवयीप्रमाणे वायरी लांब ठेवून त्यांची सुबक वेटोळी केली होती. दिसायला ते छान होते, पण सरळ वायरीच्या एका मीटरला साधारण एक मायक्रोहेन्री इंडक्टन्स (बदलत्या प्रवाहाला वायरीचा होणारा विरोध) असते आणि सर्जचा प्रवाह मायक्रोसेकंदाला एक किलोअँपिअर या वेगाने चढला तर त्या एका मीटरवर हजार व्होल्ट उभे राहतात. एसपीडीने दाब दीड हजारावर रोखला आणि वायरीने त्यात हजाराची भर घातली की फ्रिज-टीव्हीसारख्या उपकरणांची अडीच हजार व्होल्टची सहनमर्यादा तिथेच संपते. वेटोळे असेल तर त्याहून वाईट. वायरी कापून फेज, न्यूट्रल आणि अर्थची मिळून लांबी अर्ध्या मीटरच्या आत आणली, त्यासाठी अर्थची पट्टी एसपीडीच्या बरोबर खाली सरकवावी लागली.

सर्वांत जास्त वेळ इन्व्हर्टरने खाल्ला. चौथ्या दिवशी दुपारी डीबी चालू केली आणि बैठकीतला पंखा लावताच आरसीसीबी पडला. पुन्हा लावला, पुन्हा पडला. मेगरने गळती दाखवली नव्हती, म्हणून दोष इन्सुलेशनचा नव्हता. आरसीसीबी फेजमधून गेलेला प्रवाह आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह यांची तुलना करतो. जुन्या वायरिंगमध्ये मात्र इन्व्हर्टर बसवणाऱ्याने फक्त फेज वेगळा काढला होता आणि न्यूट्रल जिथे सापडेल तिथे जोडून दिला होता. त्यामुळे पंख्याचा प्रवाह एका आरसीसीबीतून निघून दुसऱ्या गटातून घरी परतत होता, आणि दोन्ही आरसीसीबींना ती गळतीच वाटत होती. जॉइंट बॉक्स एकेक करून उघडले, मल्टिमीटरने पाच न्यूट्रल माग काढून वेगळे केले, त्यांना निळ्या टेपवर क्रमांक टाकले आणि इन्व्हर्टरवरच्या दिवे-पंख्यांसाठी न्यूट्रलची स्वतंत्र पट्टी व स्वतंत्र आरसीसीबी दिला. जिन्यातला दिवा तरीही छळत राहिला. त्याचा न्यूट्रल गच्चीवरून, शेजारच्या खोलीच्या सर्किटमधून घेतलेला निघाला. फ्रिजला वेगळा आरसीबीओ (आरसीसीबी आणि एमसीबी एकत्र असलेला ब्रेकर) दिला, म्हणजे घर बंद असताना गिझरच्या गळतीपायी दूध नासणार नाही. इन्व्हर्टर एसी आणि वॉशिंग मशीन यांच्या गटासाठी ‘एसी’ प्रकाराऐवजी (जो फक्त शुद्ध लहरीची गळती ओळखतो) ‘ए’ प्रकारचा आरसीसीबी घेतला, कारण अशा यंत्रांतील गळतीचा प्रवाह शुद्ध लहरीचा नसतो.

डिशचा खांब सहा चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीने घराच्या अर्थशी जोडला आणि केबलवर, ती खोलीत शिरते तिथे, तिच्यासाठीचा वेगळा सर्ज अरेस्टर बसवला. राउटरला फायबर येते, त्यामुळे त्या वाटेची चिंता नव्हती.

व्होल्टेज प्रोटेक्टरची वरची मर्यादा २७० आणि खालची १८० ठेवली होती, पुन्हा जोडण्याचा विलंब तीन मिनिटे. दिवाळीनंतर गुरुजींचा फोन आला की संध्याकाळी घर सारखे बंद पडते आणि शेजाऱ्यांचे मात्र चालू असते. लोक विचारतात, एवढा खर्च करून काय मिळाले. हरभऱ्याला पाणी देण्याचे दिवस होते आणि त्याच डीपीवरच्या मोटरी सुरू झाल्या की दाब १७५ च्या आसपास उतरत होता. खालची मर्यादा १६५ केली आणि एसी त्या वेळेत लावू नये असे सांगितले. वरची मर्यादा मात्र बदलू दिली नाही. सप्टेंबरमध्ये एका रात्री पडद्यावर २९१ चा आकडा दाखवून प्रोटेक्टरने घराचा पुरवठा तोडला होता, आणि त्या रात्री आळीत दोन टीव्ही गेले होते.

दर महिन्याला आरसीसीबीचे टेस्ट बटण दाबण्याचे काम सूनबाईंनी आपल्याकडे घेतले आहे. पहिल्या तारखेला, कॅलेंडरवर खूण करून. एसपीडीची खिडकी अजून हिरवी आहे. पुढच्या मे महिन्यात पुन्हा मोजले तेव्हा अर्थिंग आठ ओहमला होते. बोअरच्या मोटरीची पेटी तेवढी परसाच्या टोकाला, पत्र्याच्या शेडमध्ये, जुन्याच किटकॅटवर उभी आहे. घरापासून ती चाळीस मीटरवर असल्याने डीबीतला एसपीडी तिला पुरत नाही आणि तिथे वेगळा लावावा लागेल. सोयाबीनचे पैसे हातात आल्यावर ते काम करू, असे गुरुजींनी सांगितले आहे.